मॉर्गनची चासी लाकडाची नाही, कधीच नव्हती

गेल्या रविवारी मिरजेला आप्पांच्या अंगणात पाऊल टाकलं आणि समोरचं बघून जागीच थांबले. दोन लांब सागवानी तुळया घोड्यांवर आडव्या टाकलेल्या, त्यांवर पेन्सिलच्या रेघा, एकीच्या टोकाला नुकतीच पाडलेली चार भोकं आणि खाली भुश्याचा ढीग. आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. वय चौऱ्याहत्तर, त्यातली चाळीस वर्षं ट्रकच्या बॉड्या बांधण्यात गेली. शेजारी त्यांचा नातू उभा होता, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला असलेला. तो मोबाईलमध्ये बघून मापं सांगत होता.

“काय चाललंय, आप्पा?”

“चासी. पोराच्या प्रोजेक्टची. बॅटरीवरची तीनचाकी करायचीय त्याला. म्हटलं, लाकडाचीच करू. इंग्लंडात करतात की.”

मग त्यांनी मला तो मेसेज दाखवला. तो मी त्याआधी तीन ग्रुपांवर बघितला होता आणि दरवेळी पुढे सरकवून दिला होता. तेव्हाच उत्तर द्यायला हवं होतं. आता देते.

ज्यांच्याकडे तो आला नसेल त्यांच्यासाठी मजकूर थोडक्यात असा: इंग्लंडमधली मॉर्गन ही स्पोर्ट्स कार गेली ११० वर्षं संपूर्ण लाकडाची बनते, चासीसकट, म्हणजे इंजिन, चाकं आणि बॉडी ज्यावर बसतात त्या खालच्या चौकटीसकट. ती एका न शिकलेल्या सुताराने शोधून काढली. लाकूड आपल्या सह्याद्रीतलं सागवान, इंग्रजांनी नेलेलं. शंभर वर्षांत गाडीत एक बदल नाही, कारखान्यात एक मशीन नाही. मशीन घ्या म्हणणाऱ्या मोठ्या सल्लागाराला मालकाने हाकलून दिलं. लाकडाची गाडी अपघातात लोखंडी गाडीपेक्षा जास्त सुरक्षित असते, म्हणून मोठ्या कंपन्या हे दडवून ठेवतात. आणि शेवटी, “सुतारकामाला कमी लेखणाऱ्या प्रत्येकाला पाठवा.”

शेवटच्या ओळीने आप्पांना पकडलं. ज्या माणसाच्या हातची कला पत्र्याच्या आणि फॅक्टरीतून तयार येणाऱ्या बॉड्यांनी मागे टाकली, त्याला ही ओळ वाचून काय वाटलं असेल ते मला कळतं. म्हणूनच या मेसेजचा राग जास्त येतो.

आधी चासी, कारण सगळा गोंधळ तिथेच आहे. मॉर्गनची चासी लाकडाची नाही. आज नाही, पूर्वीही नव्हती. १९३६ साली कंपनीने पहिली चारचाकी काढली, ‘फोर-फोर’ नावाची. चार सिलिंडर, चार चाकं, म्हणून ते नाव. तिची चासी पोलादी होती. झेड आकाराचे दोन लांब पाट आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, शिडी आडवी ठेवावी तशी. ही पोलादी शिडी थोड्याफार फरकाने २०२० पर्यंत चालली. ती बंद करतोय हे कंपनीने स्वतः जाहीर केलं तेव्हा सांगितलं की ही स्टीलची चासी १९३६ पासूनची आहे, म्हणजे ८४ वर्षं. जगात एकाच गाडीची रचना इतकी वर्षं उत्पादनात राहिल्याचं दुसरं उदाहरण क्वचितच सापडेल. ज्या कंपनीने ८४ वर्षांनी स्टीलची चासी बंद केली, तिची चासी लाकडाची कशी असेल? या मेसेजला मोडायला एवढी एक गोष्ट पुरते. पुढे पुढे या चासीला गंजू नये म्हणून जस्ताचा मुलामाही देत असत. लाकडाला कोणी जस्त चढवतं का?

त्याआधीच्या तीनचाकीचीही तीच कथा. आप्पांच्या नातवाचं म्हणणं होतं की चारचाकीची असेल लोखंडी, पण पहिली तीनचाकी तर लाकडाचीच असणार. नाही. ती पोलादी नळ्यांची होती. मधून एक जाड नळी जायची आणि तिच्या पोटातून इंजिनाचा शाफ्ट मागे यायचा. मागे बेव्हल बॉक्स, म्हणजे फिरण्याची दिशा वळवणारी दातेरी चाकांची पेटी, तिथून दोन चेन मागच्या एकाच चाकावर. एक चेन एका गिअरची, दुसरी दुसऱ्या गिअरची. पुढे दोन चाकं आणि त्यांच्या पुढे, वाऱ्यावर उघडं, मोटारसायकलचं दोन सिलिंडरचं व्ही-ट्विन इंजिन. एवढ्या हलक्या गाडीत सगळा ताण त्या नळ्यांवर होता, म्हणून तर त्या पोलादी होत्या.

आणि २०१९ पासूनची नवी चासी? ती अॅल्युमिनियमची आहे, भाग एकमेकांना चिकटवून जोडलेले. त्या वर्षी जिनिव्हाच्या प्रदर्शनात ‘प्लस सिक्स’ दाखवली तेव्हा या चासीला ‘सीएक्स’ नाव दिलं, रोमन आकड्यांत ११०, कंपनीच्या ११० व्या वर्षाची आठवण म्हणून. त्या गाडीत बीएमडब्ल्यूचं सहा सिलिंडरचं टर्बो इंजिन होतं. मेसेजमधले “११० वर्षं” बहुतेक इथूनच उचललेत. ज्या प्रसंगी अॅल्युमिनियमची चासी आली, त्याच प्रसंगाचा आकडा लाकडी चासीला चिकटवलाय.

मग लाकूड कुठे आहे? आहे, आणि भरपूर आहे. इथे मला मेसेजवाल्याचं अर्धं मान्य करावं लागतं. चासीवर बसणारा बॉडीचा सांगाडा लाकडाचा असतो. अॅश नावाच्या झाडाचं लाकूड, चिवट, लवचिक, धक्का सोसणारं. क्रिकेटचे स्टंप याच लाकडाचे करतात, आणि कुदळी-हातोड्यांचे दांडेही. दाराची चौकट, काचेखालचा पट्टा, मागच्या चाकांवरची कमान, सगळं सुतार बांधतात. कमान एका अखंड लाकडातून कोरत नाहीत. अॅशच्या पातळ पट्ट्या गोंद लावून एकावर एक ठेवतात आणि साच्यात वाकवून शिकंज्यांनी आवळतात. गोंद वाळला की कमान तोच आकार धरून बसते. मग सांगाड्यावर पत्रा चढतो आणि तो हाताने ठोकून, घासून बसवतात. जुन्या मॉडेलांत पायाखालच्या फळ्याही लाकडाच्या असायच्या. इंग्लंडात मालव्हर्न गावी असलेल्या मॉर्गनच्या कारखान्यात आजही सुतारकामाचा स्वतंत्र विभाग आहे. एकविसाव्या शतकात पाऊणशे लाखांच्या वरच्या गाडीत सुताराच्या हातचं काम असणं ही गोष्ट तशीच सांगितली असती तरी अभिमानाची होती. तिच्यावर खोटं चढवायची काय गरज होती?

हे मी आप्पांना त्यांच्याच भाषेत विचारलं. “आप्पा, तुमच्याकडे ट्रक यायचा तेव्हा काय यायचं?”

ज्यांनी बघितलंय त्यांना आठवेल. पुणे-बंगळूर हायवेवर पूर्वी नुसत्या चासी जायच्या. पुढे इंजिन, बॉनेट, स्टिअरिंग आणि मागे उघडे दोन लोखंडी पाट. केबिन नाही, दार नाही, काच नाही. ड्रायव्हर खोक्यावर बसलेला, डोक्याला आणि तोंडाला टॉवेल गुंडाळलेला, डोळ्यांवर गॉगल. कारखान्यातून निघालेली ती चासी अशीच शेकडो किलोमीटर चालत यायची आणि आप्पांसारख्यांच्या शेडमध्ये उभी राहायची. मग हे लोक तिच्यावर केबिन बांधायचे, हौदा बांधायचे, फाळका लावायचे. पण बांधायचे कशावर? कंपनीने दिलेल्या लोखंडी चासीवर. लोखंडी पाटांवर लाकडाचे रनर, म्हणजे लांब तुळया, ठेवायचे आणि यू-बोल्टने आवळायचे, म्हणजे हौदा आणि लोखंड एकमेकांवर घासत नाही. मॉर्गन हेच करते. खाली धातू, वर लाकूड, त्यावर पत्रा. म्हणजे मिरजेच्या शेडमध्ये आप्पा चाळीस वर्षं जे करत होते तेच काम, फक्त कमानी नाजूक आणि गिऱ्हाईक श्रीमंत.

आप्पा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “चासीला आम्ही कधी भोकसुद्धा पाडलं नाही. कंपनीची सक्त ताकीद असायची.”

आणि त्यांच्यासमोर तुळईला चार भोकं पडलेली होती.

आता मेसेजमधला सर्वांत घातक मुद्दा, अपघातात लाकूड जास्त सुरक्षित. ज्याने हे लिहिलं त्याने कधी रस्त्याकडेला उलटलेला लाकडी हौदा बघितलेला नाही. लोखंड दबतं, वाकतं आणि वाकताना धक्क्याचा जोर खातं. लाकूड एका हद्दीपर्यंत लवतं आणि मग एकदम फुटतं, त्याच्या चिरफळ्या होतात, टोकं भाल्यासारखी. मॉर्गनमध्ये लाकूड चालतं कारण इंजिनाचं वजन, चाकांचे दणके, ब्रेकचा ओढा हे सगळं खालची धातूची चासी घेते. लाकडाकडे फक्त पत्रा आणि दारं सांभाळायचं काम आहे. ते ओझं उलटं करून चासीच लाकडाची केली तर काय होईल, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

मी कुपवाड एमआयडीसीत फॅब्रिकेशनच्या शॉपमध्ये अठरा वर्षं क्वालिटी बघते. बोल्टचं भोक अर्धा मिलिमीटर मोठं झालं की काय होतं ते मी रोज बघते. आता विचार करा. एप्रिलमध्ये सांगली-मिरजेत पारा चाळीसला टेकतो, लाकूड सुकून आकसतं. जुलैमध्ये हवेत इतकं पाणी की घराची दारं लागत नाहीत. दर वर्षी लाकूड फुगणार, आकसणार, आणि दर फेरीला बोल्टभोवतीचं भोक जरा जरा सैल होणार. ट्रकच्या हौद्याचे यू-बोल्ट म्हणून तर पुन्हा पुन्हा आवळावे लागायचे. हौदा सैल झाला तर खडखडतो. पण त्याच बोल्टावर पुढच्या चाकाचं सस्पेन्शन असेल आणि ते सांगली-मिरज रस्त्यावर सुटलं, तर? त्या पोराला वर्ष संपलं की याच गाडीत आजीला बसवून गणपतीला न्यायचं होतं. वर बॅटरीचं वजन. लीड-ॲसिडच्या चार बॅटऱ्या म्हणजे एका धडधाकट माणसाहून जास्त ओझं, आणि ते चोवीस तास एकाच जागी तुळईवर.

आणि हो, तीनचाकीचं म्हणाल तर पोलादी नळ्यांची मॉर्गनसुद्धा निर्धोक नव्हती. १९२४ साली इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्सच्या शर्यतीच्या ट्रॅकवर ई. बी. वेअर या चालकाच्या मॉर्गनचा भयंकर अपघात झाला. ते गंभीर जखमी झाले आणि त्यानंतर तिथे तीनचाक्यांना चारचाक्यांबरोबर शर्यतीत उतरायला मनाई झाली. पोलादी चासीच्या, शर्यतीसाठी घडवलेल्या गाडीची ही गत. वर्कशॉपमध्ये बनवलेली गाडी रस्त्यावर आणायला आपल्याकडे नमुन्याची तपासणी आणि मंजुरी लागते, ती पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहनं तपासणाऱ्या संस्थांकडून होते, हेही नातवाला पहिल्यांदाच कळलं. कॉलेजच्या आवारात फिरवायची असली तरी माणूस तोच बसणार आहे.

“मोठ्या कंपन्या दडवतात” याला काय उत्तर द्यायचं? ज्या कारखान्याची सहल तिकीट काढून करता येते, जिथे सुतार काम करताना जगभरातले लोक उभे राहून बघतात, तिथे दडवलंय काय?

न शिकलेला सुतार, हा मुद्दा पटकन उरकते. संस्थापक हेन्री फ्रेडरिक स्टॅनले मॉर्गन हे पाद्र्याचे चिरंजीव. अठराव्या वर्षी ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या स्विंडनच्या कारखान्यात शिकाऊ म्हणून लागले, म्हणजे वाफेच्या इंजिनांवर तयार झालेला इंजिनिअर. पुढे मालव्हर्नला गॅरेज काढलं. १९०९ मध्ये पहिली तीनचाकी तयार केली ती मालव्हर्न कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये, तिथले शिक्षक स्टीफनसन-पीच यांच्या मदतीने. इंजिन प्यूजोचं. पैसा वडिलांनी लावला. १९१० मध्ये लंडनच्या ऑलिंपिया प्रदर्शनात गाडी ठेवली. एकच सीट होती म्हणून लोकांनी फारशी घेतली नाही, मग दोन सीटची केली आणि ती लंडनच्या हॅरॉड्स या बड्या दुकानाच्या काचेत उभी राहिली. पुढच्या चाकांचं सस्पेन्शन हा त्यांचा खरा शोध. उभ्या खांबावर चाकाचा हब स्प्रिंगसकट वरखाली सरकतो. त्याचं पेटंट १९१० चं, आणि त्याच तत्त्वाचं सस्पेन्शन शंभर वर्षांहून जास्त काळ या गाड्यांना बसत होतं. कित्येक मॉडेलांत ड्रायव्हरच्या पायाशी एक बटण असायचं. गाडी सुरू केली की ते पायाने दाबायचं, म्हणजे इंजिनातलं ऑइल त्या खांबांपर्यंत जाऊन पोचायचं. अशी गोष्ट सुचायला लोखंड कळावं लागतं. आणि सुतार न शिकलेला असतो हे मेसेजवाल्याने कुठून आणलं? एकीकडे सुतारकामाचा मान राखा म्हणायचं आणि दुसरीकडे सुतार म्हणजे अडाणी असं लिहायचं. आप्पा चौथीपर्यंतच शाळेत गेले, पण गुण्या लावून कोन तपासताना त्यांना बघितलं असतं तर हा शब्द कुणाच्या लेखणीतून उतरला नसता.

सागवानाचं. अॅश हे इंग्लंड-युरोपात वाढणारं झाड आहे, सह्याद्रीत ते होत नाही. इंग्रजांनी आपलं सागवान नेलं हे मात्र खरं आहे, आणि ते लपवायचं कारण नाही. मलबारच्या सागवानाची जहाजं मुंबईच्या गोदीत वाडिया कारागिरांनी त्यांना बांधून दिली. १८१७ सालचं त्रिंकोमाली जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यात उभं आहे. हा खरा इतिहास समोर असताना मॉर्गनच्या गाडीत खोटं सागवान घालायचं, म्हणजे खऱ्या लुटीवरचा विश्वासही घालवायचा.

शंभर वर्षांत एक बदल नाही, हे वाचून तर मी मोबाईल खाली ठेवला. इंजिनं किती बदलली? जॅप, कॉव्हेंट्री क्लायमॅक्स, फोर्ड, ट्रायम्फ, १९६८ पासून रोव्हरचं व्ही-एट, मग बीएमडब्ल्यू. १९६३ मध्ये फायबरग्लासची बंद टपाची गाडीही काढून बघितली. जुन्या गिऱ्हाइकांनी ती नाकारली आणि जेमतेम २६ बनल्या. २००० मध्ये आलेल्या ‘एरो एट’ या मॉडेलची चासीच अॅल्युमिनियमची होती. त्याआधी १९६२ मध्ये फ्रान्समधल्या ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत दोन लिटरच्या गटात मॉर्गन पहिली आली, ती गाडी तशीच ठेवून नव्हे, इंजिनावर मेहनत घेऊन.

सल्लागाराची गोष्ट अर्धी खरी आहे. ते सल्लागार म्हणजे सर जॉन हार्वे-जोन्स, आयसीआय या रसायन कंपनीचे माजी अध्यक्ष. १९९० मध्ये बीबीसीच्या कार्यक्रमासाठी ते कारखान्यात गेले. गिऱ्हाइकांना वर्षानुवर्षं थांबावं लागत होतं. त्यांनी सांगितलं, उत्पादन वाढवा, पद्धती सुधारा. पीटर आणि चार्ल्स मॉर्गन या बापलेकांनी तो सल्ला जसाच्या तसा घेतला नाही. कार्यक्रमानंतर मागणी वाढली, हेही खरं. पण हाकलून कोणी कोणाला दिलं नाही, आणि पुढे चार्ल्स मॉर्गन यांनीच उत्पादन हळूहळू वाढवलं, नव्या तंत्राची एरो एट आणली. २०१९ मध्ये कंपनीचा मोठा हिस्सा इन्व्हेस्टइंडस्ट्रियल या गुंतवणूक कंपनीकडे गेला. मेसेजमध्ये हे नाही, कारण मग गोष्ट गोड राहत नाही.

एक गोष्ट मला राहून राहून आठवली. मॉर्गनची तीनचाकी ऑलिंपियात उभी राहिली त्याच १९१० साली आपल्या जिल्ह्यात, कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवायला घेतली. औंधच्या पंतप्रतिनिधींनी जमीन दिली. लोखंडी नांगर करायचे होते, आणि तेव्हा लोक म्हणायचे की लोखंडाच्या नांगराने जमीन विषारी होते, नांगर लाकडाचाच हवा. शेतात चालवून दाखवल्यावर ती समजूत मोडली. शंभरहून जास्त वर्षांनी त्याच जिल्ह्यात लोखंडावरचा तसाच अविश्वास मोबाईलमधून परत येतोय, आणि तोही इंग्लंडचं नाव लावून.

आपली बैलगाडी घ्या. साटा लाकडाचा, आरे लाकडाचे, जू लाकडाचं. पण आस लोखंडाचा आणि चाकावरची धाव लोखंडाची. आपल्या आज्या-पणज्यांनाही माहीत होतं की कुठे काय लावायचं.

बुधवारी मी कुपवाडहून चौकोनी पोलादी पाइप पाठवले. नातवाने त्याच्या गाइड सरांना दाखवून नकाशा बदलून घेतला. आप्पांनी भोकं पडलेल्या तुळईला लाकडाच्या गुट्ट्या ठोकून, रंधा मारून ती सपाट केली. आता तिच्या फळ्या निघतील, पायाखालच्या आणि सीटच्या. चासीचं वेल्डिंग शनिवारी आमच्याच शॉपवर आहे. काल फोनवर आप्पांनी विचारलं, पट्ट्या चिकटवून कमान वाकवायची तर साचा आधी करावा लागेल, त्यासाठी जुन्या हौद्यातला बाभळीचा एखादा जाड तुकडा शेडच्या मागे पडलाय, तो चालेल का. मी म्हटलं, साच्याला बाभूळ चालेल, पण आधी त्यातले खिळे सगळे उपटा.